नालायक हिरोवाले जुने कराटे पिच्चर कसे पाहाचे

आमच्या गावात तलवार असो का बुक्की, सगळ्यालेच कराटेचा पिच्चर म्हणतात, तर मीबी तसंच लिवतो.

पयले तं स्ट्रीट फायटरपासून सुरुवात करू नका. मी तेच केलं आन् अर्ध्यात बंद केला. 1974 चा हाय, त्यातला हिरो सॉनी चिबा हाडं मोडते थे ठीक, पण गिऱ्हाइकाले पैसे द्याले जमले नाई तं त्या गिऱ्हाइकाच्या बहिणीलेच विकून टाकते. अशा माणसाच्या बाजूनं बसाले आधी सवय लागते ना बाप्पा. अमेरिकेत त्या पिच्चरले निव्वळ मारामारीपायी एक्स सर्टिफिकेट, म्हंजे फक्त मोठ्यायसाठी, भेटलं होतं.

त्याच्याऐवजी योजिंबो लावा, 1961, कुरोसावा नावाच्या जपानी डायरेक्टरचा. बिनमालकाचा सामुराई, काडी हवेत फेकते आन् जिकडं पडली तिकडं निंगते, गावात शिरला तं समोरून कुत्रं माणसाचा हात तोंडात धरून येते. गावात दोन पार्ट्या आन् हा दोघांयसंगबी भाव करते. आपल्याकडं ग्रामपंचायतीच्या टायमाले दोन्ही पॅनलचं मटण खाणारा एकजण असतेच, फक्त त्याच्याजवळ तलवार नसते. नाव विचारलं तं बाहेर तुतीचं वावर पायते आन् तेच नाव सांगते, इकडं असता तं पऱ्हाटे म्हणला असता.

आवाज जपानीच ठेवा, डबिंगमधे हिरो झालेल्या मिफुनेचं गुरगुरणं जाते. सबटायटल बारीक असतात म्हणून मोबाईल तोंडाजवळ धरा लागते, मी हरबऱ्याले रात्री पाणी देतानी धुऱ्यावर बसून पायला, गावातून आधीच डाऊनलोड करून नेला होता.

मारामारी काही सेकंदात संपते, तिच्यासाठी पळवत पळवत पाहासान तं काईच भेटणार नाई. खांदे उडवणं, हनुवटी खाजवणं, थे पाहा. आन् हा एकच चांगलं काम करते, एका बाईले लेकरानवऱ्यासकट सोडवते, वरून त्यायलेच खेकसते, तं थे लोकं आभाराची चिठ्ठी पाठवतात आन् तेच चिठ्ठीपायी हा मरतवरी मार खाते. मले तं त्याच्यातच हा माणूस आवडला, चांगुलपणा त्याच्या अंगाले येते आन् तरीबी करते.

मंग सोर्ड ऑफ डूम, 1966. योजिंबोत पिस्तूल घेऊन फिरणारा नाकादाई इथं हिरो हाय, सुरुवातीलेच एका म्हाताऱ्या यात्रेकरूले कारण नसतानी कापते. याच्यात चांगुलपणा शोधू नका, नाई हाय. शेवटी एकटा कापतच सुटते आन् तलवार चालू असतानीच चित्र थांबते, तवा नेट गेलं म्हणून मोबाईल झटकू नका, पिच्चर तिथंच संपते.