खेळणाऱ्या मुलांची दहावी: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पालकांसाठी

खेळणाऱ्या मुलाचा अभ्यास बुडतो तो मुख्यतः ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा शालेय स्पर्धा पाठोपाठ येतात. त्याच वेळी शाळेत एफए-1, एफए-2 या छोट्या चाचण्या आणि दसऱ्याच्या सुट्टीआधी एसए-1 ही सत्र परीक्षा चालू असते. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावीच्या परीक्षेला, प्रत्येक विषयात लेखी 80 आणि अंतर्गत 20 गुण असतात, पहिल्या भाषेला 100 आणि 25. अंतर्गत गुण मुख्यतः या छोट्या एफए चाचण्यांवर ठरतात. म्हणून स्पर्धेचं पत्र हातात पडताच ते वर्गशिक्षकांना द्या आणि चुकणारी चाचणी संघ परतल्याच्या आठवड्यातच घ्यायची विनंती करा. फेब्रुवारीत मागायला गेलं की कुणाच्या हातात काही उरत नाही. गैरहजेरीचंही तसंच. 75 टक्के हजेरी लागते, तेव्हा स्पर्धेचे दिवस हजेरीपटात कसे धरले जातात हे मुख्याध्यापकांना आधीच विचारून घ्या.

गणित आणि विज्ञान बसमध्ये वाचून भरून निघत नाही, कारण मागचा धडा कच्चा असला की पुढचा कळतच नाही. एप्रिल-मेच्या सुट्टीत या दोन विषयांचे पहिले तीन धडे संपवून ठेवावेत. समाजविज्ञान प्रवासात होतं. मराठी माध्यमाची मुलं सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात ते कन्नडकडे. रोज वीस मिनिटं लेखन पुरतं, पण ती रोजच द्यावी लागतात.

संध्याकाळी 6:30 ला मैदानावरून आलेल्या मुलाला जेवणानंतर गणित घालू नका, डोकं चालत नाही. तेव्हा भाषा वाचू द्या. गणित पहाटेच्या सरावानंतर शाळा भरेपर्यंत करावं, किंवा सर परवानगी देत असतील तर पीटीच्या तासाला. झोप किमान आठ तास. कुस्तीत वजन बसवायला पाणी तोडायला लावणारा वस्ताद असेल तर स्पष्ट नाही म्हणा. वाढत्या वयात ते धोक्याचं आहे आणि दुसऱ्या दिवशीचा पेपरही जातो.

कोल्हापूरच्या तालमीची ओढ आपल्याकडे जुनी आहे. पण शाळेचा दाखला तिकडे नेला की मूल शालेय स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळतं. शिवाय कर्नाटकच्या सीईटीला, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेला, साधारणपणे राज्यात 7 वर्षं शिकल्याची अट आहे. सीमाभागातल्या मराठी भाषकांना महाराष्ट्राच्या प्रवेशात वेगळी सवलत आहे, तीही पाहून ठेवा. प्रत्येकाने गाव सोडायलाच हवं असं नाही. बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधव हिने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक मिळवलं. निर्णय आठवीच्या शेवटी घ्या, नववीच्या मध्यावर नको.

कागदांचं काम आजच करा. जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर आणि आधार यांत नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी हवी. आपल्याकडे एका कागदावर नुसती आद्याक्षरं असतात, दुसऱ्यावर पूर्ण नाव, आणि 14, 17 वा 19 वर्षांखालच्या गटाच्या तपासणीत मूल तिथेच अडकतं. प्रमाणपत्रावर स्पर्धेची पातळी, वर्ष, क्रमांक आणि सही-शिक्का आहे का, हे मैदान सोडण्याआधीच बघा.