सकाळी नऊच्या सिंकला सर्व्हर का झोपतो

फील्डवरची सगळी माणसं नऊच्या ठोक्याला ॲप उघडतात, सगळे फोन एकदम सिंक मागतात आणि सर्व्हर आडवा होतो. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसची कनेक्शनची मर्यादा मूळच्या १०० वरून ५०० केली. दुसऱ्या दिवशी तो आणखी लवकर झोपला! पोस्टग्रेसमध्ये दर कनेक्शनमागे एक प्रोसेस चालते. दाराबाहेरची गर्दी मी आत घेतली होती, एवढंच. मध्ये पीजीबाउन्सर (मोजकी कनेक्शन सगळ्यांत आळीपाळीनं वाटणारा प्रोग्रॅम) बसवा आणि त्याचा पूल, म्हणजे कनेक्शनचा साठा, छोटाच ठेवा.

मग प्रत्येक फोन नेमकं काय मागतो ते बघा. पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स (पोस्टग्रेसमधल्या क्वेरींचा हिशेब ठेवणारं एक्स्टेन्शन) चालू करा, एकूण वेळ खाणारी क्वेरी वर येईल. माझ्याकडे ती ऑफसेटनं, म्हणजे 'इतक्या ओळी सोडून पुढच्या द्या' म्हणून, पानं काढत होती. ऑफसेट ५०,००० दिला की डेटाबेस तेवढ्या ओळी चाळतो आणि टाकून देतो. त्याऐवजी शेवटच्या ओळीची बदलाची वेळ आणि आयडी फोनला द्या (हीच त्याची खूण), पुढचं पान तिथून मागू द्या. इंडेक्स वापरकर्ता, वेळ, आयडी याच क्रमानं हवा. वेळ सर्व्हरचीच, फोनच्या घड्याळावर विसंबू नका.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी पडलोय. पोस्टग्रेसचं 'नाऊ' ट्रान्झॅक्शन (एकत्र होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ देतं, कमिटची, म्हणजे ते बदल पक्के झाल्याची, नाही. ९:०० ला सुरू झालेलं मोठं इम्पोर्ट ९:०३ ला कमिट झालं, आणि मधे ९:०२ ची नोंद घेऊन फोनची खूण पुढे सरकली, तर इम्पोर्टमधल्या नोंदी त्या फोनला कधीच मिळत नाहीत. एररही येत नाही. म्हणून दर नव्या सिंकला खूण थोडी मागे घ्या, सर्वांत लांब ट्रान्झॅक्शनपेक्षा जास्त. काही नोंदी दुबार येतील. फोननं आयडी बघून आधीच्याच नोंदीवर लिहावं. डिलीट केलेल्या ओळी काढून न टाकता त्यांवर 'डिलीट' असा शिक्का मारून ठेवा, नाहीतर फोनला कळणार कसं?

गर्दी तरीही झाली तर ४२९ ('फार विनंत्या झाल्या' सांगणारा एचटीटीपी कोड) पाठवा, सोबत रिट्राय-आफ्टर, म्हणजे किती वेळानं परत यायचं ते. पण सगळ्यांना '३० सेकंदांनी या' सांगितलंत तर सगळे ३० सेकंदांनीच येतील. त्यात यादृच्छिक भर घाला. अपलोडच्या प्रत्येक बदलाला फोननंच युनिक की द्यावी, म्हणजे टाइमआउटनंतर तोच बदल पुन्हा आला तरी नोंद एकच राहते.

जीझिप (डेटा दाबून लहान करून पाठवणं) चालू आहे ना, तेवढं बघा. आणि मोजताना दिवसाची सरासरी नको, नऊ ते सव्वानऊचा पी-९५ काढा, म्हणजे ९५ टक्के विनंत्या किती वेळाच्या आत उरकतात ते.