कोंबड्यांना अँटीबॉडी देताना या चुका टाळा

प्रतिजैविक आणि प्रतिपिंड हे शब्द ऐकायला जवळचे आहेत, अँटिबायोटिक आणि अँटीबॉडी तर त्याहून जवळचे. पहिली चूक तिथूनच सुरू होते. मरतुक वाढली की पाण्यातून औषध सोडायचं आणि तीन दिवस वाट बघायची, ही सवय आपल्याकडे इतकी मुरली आहे की अँटीबॉडीकडूनही तेच मागितलं जातं. अँटिबायोटिक अनेक जातींच्या जिवाणूंवर एकदम चालू शकतं. अँटीबॉडी म्हणजे शरीर रोगाविरुद्ध बनवतं ते प्रथिन, आणि ती ठरलेल्या एकाच गोष्टीला चिकटते: एखाद्या जिवाणूच्या शेपटीला किंवा त्याने सोडलेल्या एखाद्या विषाला. बाकीच्यांना ती हातही लावत नाही. त्यामुळे रोग नक्की कोणता हे न ठरवता ती देणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

आज दोन प्रकारांची चर्चा होते. एक अंड्याच्या बलकातली, म्हणजे आयजीवाय. लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीला ठरावीक जिवाणूची लस टोचली की तिच्या बलकात त्याविरुद्धच्या अँटीबॉडी साठतात. दुसरी प्रयोगशाळेत घडवलेली नॅनोबॉडी. उंट आणि लामा यांच्या रक्तात हलकी साखळी (नेहमीच्या अँटीबॉडीतला छोटा भाग) नसलेल्या वेगळ्याच अँटीबॉडी असतात, हे ब्रसेल्सच्या संशोधकांनी 1993 साली दाखवलं. त्यांचा चिकटणारा तुकडा नेहमीच्या अँटीबॉडीच्या जेमतेम दहाव्या भागाएवढा असतो, आणि यीस्ट किंवा जिवाणूंकडून तो भरपूर बनवून घेता येतो.

रोग एकीकडे, अँटीबॉडी दुसरीकडे

खाद्यातून दिलेली अँटीबॉडी आतड्यात काम करते. ई. कोलायमुळे हवेच्या पिशव्यांवर पिवळट थर चढलेला असेल, तर जिवाणू बहुतेक वेळा श्वासावाटे आत गेलेला असतो. तिथे आतड्यातल्या अँटीबॉडीचा उपयोग नाही. शेडमध्ये अमोनिया डोळ्यांना झोंबत असेल तर आधी पडदे उघडा, ओलं तूस काढा.

आतड्यापर्यंत पोचणंही सोपं नाही. वाटेत जठराचं आम्ल आणि प्रथिनं पचवणारं पेप्सिन आहे, आणि अँटीबॉडी शेवटी प्रथिनच. आम्ल वाढलं की आयजीवायची ताकद झपाट्याने घटते, म्हणून तिच्यावर आवरण चढवतात किंवा पचनरसात टिकणारी नॅनोबॉडी निवडतात. विकणाऱ्याला हे विचाराच. दुसरा प्रश्न गोळी खाद्याचा. पेलेट बनवताना वाफेचं तापमान 80 अंशांच्या आसपास जातं आणि आयजीवाय 70 अंशांपुढे मोडू लागते. पावडर आधी मिसळून मग पेलेट केलं असेल तर कोंबडीच्या पोटात जाते ती नुसती महागडी प्रथिनं.

नेक्रोटिक एन्टरायटिसमध्ये होणारी मोठी चूक

नेक्रोटिक एन्टरायटिस म्हणजे आतड्याचं अस्तर मरण्याचा रोग. त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच पदरी पडते. पोस्टमॉर्टेमला आतडं फुगलेलं, आतून खरखरीत टॉवेलसारखं दिसतं. जिवाणू क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. तो निरोगी कोंबडीच्या आतड्यातही राहतो. नुकसान करतं ते त्याचं विष, मुख्यतः नेटबी. ते ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये शोधलं, आणि तेव्हापासून अँटीबॉडी बनवणाऱ्यांची नजर त्यावर आहे.

पण विषाला बांधणारी अँटीबॉडी जिवाणूला मारत नाही, आणि मेलेलं अस्तर पुन्हा जिवंत करत नाही. मरतुक दिसू लागली तेव्हा विषाने काम उरकलेलं असतं. म्हणून ती आधीपासून, धोक्याच्या आठवड्यांत रोज द्यावी लागते. लसीसारखी ती शरीराला काही शिकवत नाही. खाद्यातून बंद केली की संरक्षणही संपतं.

शिवाय जिवाणू एकाएकी का माजला, हे कोणी बघत नाही. बहुतेकदा आधी कॉक्सिडिया, म्हणजे रक्ती हगवणीचे परजीवी, आतड्याला जखमा करतात. तिथून पाझरणारी प्रथिनं हे क्लॉस्ट्रिडियमचं आयतं जेवण. मासळीची भुकटी जास्त झाली, मका महागला म्हणून गहू वाढवला, तरी वाट मोकळी होते. कॉक्सिडियाचा बंदोबस्त न करता अँटीबॉडी देत राहिलं तर पुढच्या लॉटला तेच होणार. आणि कोंबड्या आजारी पडल्याच असतील तर पशुवैद्यकाने लिहून दिलेलं औषध 'आता अँटीबॉडी चालू आहे' म्हणून थांबवू नका. त्या पक्ष्यांना आत्ता उपचार लागतो.

कॅम्पिलोबॅक्टर: आकडे वाचताना

हा जिवाणू कोंबडीला सहसा आजारी पाडत नाही, माणसाला पाडतो. कॅनडातल्या संशोधकांनी त्याच्या शेपटीला धरणाऱ्या पाच नॅनोबॉडी एकत्र जोडून पिल्लांना तोंडावाटे दिल्या; जिवाणूची हालचाल मंदावली आणि आतड्यातली संख्या घटली. ते काम 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. अशा बातम्यांत 'एक लॉग घट' लिहिलेलं असतं. एक लॉग म्हणजे दहापट. एका ग्रॅममध्ये दहा कोटी होते ते एक कोटी उरले, इतकाच अर्थ. जिवाणू नाहीसा झाला असं त्यातून निघत नाही. चिकन धुताना उडणारे शिंतोडे आणि एकच सुरी कोशिंबिरीला वापरणं हे धोके तसेच राहतात.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट: एकाच स्ट्रेनवर (जिवाणूच्या एकाच उपप्रकारावर) निवडलेली नॅनोबॉडी शेतावरच्या स्ट्रेनला चिकटेलच असं नाही. शेपटीचं प्रथिन स्ट्रेनगणिक बदलतं. निवडीच्या पहिल्या फेरीपासूनच वेगवेगळ्या फार्मवरून आणलेले नमुने वापरा.

तुलना न ठेवणं

गेल्या लॉटपेक्षा वजन चांगलं आलं, म्हणजे अँटीबॉडी चालली? गेला लॉट उन्हाळ्यातला होता, पिल्लं दुसऱ्या हॅचरीची होती. त्याच दिवसाची पिल्लं, तेच खाद्य, तेच शेड. जाळीने दोन भाग करा आणि एकाला अँटीबॉडी देऊ नका. वजन, एफसीआर (एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं तो आकडा), मरतुक दोन्हीकडची रोज लिहा. शक्य असेल तर दोन-दोन भागांत विभागून पुन्हा करा, कारण पंख्याजवळचा भाग नेहमीच थोडा बरा असतो. तपासणीसाठी आतड्याचे नमुने पाठवायचे तर प्रयोगशाळेने दिलेल्या माध्यमात, थंड ठेवून, लगेच पाठवा. हवेतला ऑक्सिजन आणि कोरडेपणा कॅम्पिलोबॅक्टरला सोसत नाही. दोन दिवस गाडीत पडून राहिलेल्या नमुन्यात तो सापडला नाही, तर ते श्रेय अँटीबॉडीचं नाही.