वावरातल्या वानरांचं निरीक्षण कसं करायचं

माणसाच्या वागण्याची मुळं शोधायला आफ्रिकाच गाठावी लागते असं नाही. गावालगतच्या चिंचेवर काळ्या तोंडाच्या वानरांची टोळी येत असेल, तर वही, घड्याळ आणि जमल्यास दुर्बीण पुरते. मात्र ही वानरं आपले पूर्वज नव्हेत. त्यांची नि आपली वाट साधारण अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी फुटली. चिंपांझींची नि आपली ६०-७० लाख वर्षांपूर्वी.

सकाळी उन्हं अंगावर घेत बसलेली असतात तेव्हा जा. पंधरा-वीस पावलं दूर बसा, डोळ्याला डोळा भिडवू नका, दात दिसतील असं हसू नका. दोन्ही त्यांना धमकीच वाटते. पोळी किंवा फुटाणे मुळीच टाकू नका. खाऊ पडला की एरवी न होणारी भांडणं होतात आणि नोंदी वाया जातात. हरभऱ्याच्या वावरातून टोळी हाकलली जात असेल, तर त्या दिवशीच्या नोंदी वेगळ्या ठेवा.

आधी ओळख पटवा: फाटका कान, वाकडी शेपटी, ओठावरचा वण. मग चिठ्ठी टाकून एक वानर निवडा आणि दहा मिनिटं फक्त त्याचंच लिहा. चिठ्ठी अशासाठी की नजर आपोआप भांडणाकडे जाते, आणि टोळीचा बराचसा दिवस तर पाला खाण्यात, बसण्यात जातो. ही शिस्त प्राणी-वर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांच्या १९७४ च्या लेखामुळे रूढ झाली. ‘रागावला’ लिहू नका. ‘दात दाखवले, दोन पावलं पुढे आला’ लिहा. त्यामागचं कारण नंतर शोधता येतं.

काळं तान्हं पिल्लू दिसलं तर मोठीच संधी. ते कोणाच्या मांडीवर, किती मिनिटं, आईने दिलं की दुसरीने ओढून नेलं, किंचाळल्यावर कोण धावलं, सगळं टिपा. वानरीण पहिल्या काही दिवसांतच पिल्लू दुसऱ्या माद्यांकडे जाऊ देते. चिंपांझीण मात्र सुरुवातीचे काही महिने सहसा कोणाला हातही लावू देत नाही. आपल्याकडे बाळ आजी, मावशी, शेजारीण अशा सगळ्यांच्या कडेवर फिरतं. म्हणजे नात्याने जवळचा प्राणी प्रत्येक सवयीत जवळचा असतोच असं नाही. म्हणूनच एका टोळीवरून माणसाबद्दल निष्कर्ष काढू नयेत; अनेक प्रजाती शेजारी ठेवून पाहावं लागतं.

टोळीत नवा हुप्प्या (मोठा नर) आला, तर तान्ह्यांकडे लक्ष ठेवा. तो कधीकधी पिल्लं मारतो. अंगावर पिल्लू नसलं की मादी लवकर माजावर येते, असं त्याचं एक स्पष्टीकरण मानवशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी माउंट अबूच्या वानरांवरून मांडलं. तिथे मध्ये पडू नका, जवळही जाऊ नका; हुप्प्या चावला तर जखम खोल होते.