पुढची क्रूझ उतरण्याआधीच बुक करा

सोलापूरला परतून पुढच्या क्रूझची चौकशी केली, तर जहाजावरची सवलत हातची गेलेली असते. मोठ्या जहाजांवर पुढच्या सफरीच्या बुकिंगचा काउंटर असतो. तिथे बऱ्याचदा डिपॉझिट कमी लागतं, वर जहाजावर खर्चायला थोडी रक्कमही मिळते.

१. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जा. शेवटच्या संध्याकाळी तिथे सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यासारखी गर्दी.
२. नको असलेल्या तारखा चिठ्ठीवर लिहून न्या. आम्ही घाईत मकरसंक्रांतीचा आठवडा घेतला आणि गड्ड्याची जत्रा, नंदीध्वज, सगळंच हुकलं!
३. नेहमीच्या एजंटचं नाव बुकिंगवर घालायला सांगा. पुढची धावपळ तोच करतो.

डिपॉझिट परत मिळतं का, हे मात्र पैसे भरण्याआधी विचाराच. काही स्वस्त योजनांत ते बुडतं.