चटणी पोटात, पॉवर बँक हातात

एस.टी.त ३१ वर्षं कंडक्टरकी केली. विमानात पहिल्यांदा बसलो तो निवृत्त झाल्यावर, पोरगी दिल्लीला नोकरीला लागली तेव्हा. आता वर्षातून दोनदा पुणे-दिल्ली होतं, आणि आमच्या गल्लीत कुणाचं विमानाचं तिकीट निघालं की ते आधी माझ्यासमोर येतं. मागच्या आठवड्यात शेजारचे दादा-वहिनी आले होते, पहिलाच प्रवास म्हणून घाबरलेले. त्यांना दोन तास बसवून जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

आधी वेळ. एस.टी.ला 'हात दाखवा, गाडी थांबवा' होतं. स्टँडवर कुणी पळत येताना दिसलं तर मी डबल बेल द्यायचा थांबायचो. इथे तसलं काही नाही. देशातल्या देशात जाणाऱ्या विमानाचा सामान घेण्याचा काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतो, आणि विमानात चढायचं गेट साधारण २५ मिनिटं आधी. म्हणजे तिकिटावर ९ वाजताची वेळ असेल तर तुमच्यासाठी गाडी पावणेनऊच्याही आधी सुटली असं धरा. आम्ही सांगलीहून निघतो, त्यामुळे आदल्या रात्रीच पुण्यात भाच्याकडे मुक्काम टाकतो. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर दोन तास आधी पोचलं की जीव शांत राहतो.

तिकिटावर टर्मिनल कुठलं तेही वाचा. दिल्लीत टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ एकमेकांपासून इतके लांब आहेत की चुकलात तर परत गाडी करावी लागते. मुंबईहून जाणाऱ्यांना तर टर्मिनल १, टर्मिनल २ आणि आता नवी मुंबईचं वेगळं विमानतळ, असा तिहेरी घोळ आहे. रिक्षात बसायच्या आधी बघा, नंतर नाही.

आता सामान, कारण आपल्या लोकांचा खरा घोटाळा इथेच होतो. सामानाचे दोन भाग. काउंटरवर द्यायचं ते विमानाच्या पोटात जातं, आपल्याकडच्या बहुतेक साध्या तिकिटांवर १५ किलो. हातातलं तुमच्याबरोबर वर येतं, ७ किलो. बायकांची पर्स वेगळी चालते. घरात वजनकाटा असेल तर आधी रिकाम्या हाताने उभे राहा, मग बॅग घेऊन उभे राहा आणि वजाबाकी करा. काउंटरवर जास्तीच्या किलोला जे पैसे लागतात ते ऐकून मला आमचं लगेज तिकीट फार स्वस्त वाटायला लागलं.

पहिल्या वेळी मंडळींनी पोरीसाठी कांदा-लसूण चटणी केली होती. दोन किलो, अगदी ताजी. सांडू नये म्हणून मी ती मांडीवर घेऊन जायचं ठरवलं. सुरक्षा तपासणीला बॅग मशीनमधून गेली आणि माझा ट्रे सरळ न येता बाजूच्या पट्ट्यावर वळला. तिथल्या जवानाने डबा उघडला, वास घेतला आणि हसून म्हणाला, "अंकल, मिर्ची है ना?" तिखटाची पूड म्हणजे डोळ्यांत फेकायचं हत्यार, ती हातातल्या बॅगेत चालत नाही. मिरचीचं लोणचंही नाही. परत जाऊन सामानात टाकायला वेळ उरला नव्हता. दोन किलो चटणी तिथल्या पिंपात गेली. मंडळी दिल्लीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्यामुळे चटणी, मसाला, लोणचं, तूप, तेल सगळं पोटात टाका. बरणी काठोकाठ भरू नका, वर दोन बोटं जागा सोडा, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घाला आणि सगळी बरणी पुन्हा पिशवीत बांधा. अडकित्ता, विळी, चाकू, मोठी कात्रीही पोटातच. सुपारी खाणाऱ्यांनी आधीच कातरून न्यावी.

उलट काही वस्तू पोटात चालतच नाहीत. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातच न्यायच्या. लिथियमची बॅटरी तापून पेटू शकते. वर केबिनमध्ये धूर दिसला तर विमानातली माणसं लगेच विझवतात, खाली सामानाच्या ढिगात कुणाला कळणार? मर्यादा १०० वॉट-अवरची आहे, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे बसते. ती जवळच ठेवा, डोक्यावरच्या कप्प्यात नको.

आणि सुकं खोबरं. हे ऐकून सगळ्यांचे डोळे मोठे होतात. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात धरलंय. खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, हातातही नको आणि पोटातही नको. मसाल्यात वाटून गेलेलं खोबरं आमचं तरी आजवर कुणी काढलं नाही. पूजेचं सामान नेणाऱ्यांनो, कापूर आणि काडेपेटी घरी ठेवा. लायटरही.

बेदाणे, हळद, भडंग बिनधास्त न्या. भडंगाचं बंद पाकीट वर गेल्यावर उशीसारखं फुगतं, त्याला घाबरू नका. विमानाच्या आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असते तितकी विरळ ठेवतात. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास, म्हणजे त्याहूनही वर. फुगलेलं पाकीट तेवढ्यात फोडू नका, शेजाऱ्याच्या अंगावर भडंग सांडतो. हे अनुभवाने सांगतोय.

औषधं मात्र हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. पोटातलं सामान कधी मागे राहिलं तर बीपीची गोळी पण मागे राहते.

सुरक्षा तपासणीत काय होतं? मोबाइल, पाकीट, चिल्लर, घड्याळ, पट्टा, पॉवर बँक, लॅपटॉप असेल तर तोही बॅगेबाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायचा. तिकिटांचा ट्रे आयुष्यभर गळ्यात वागवला, पण हा ट्रे पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा हात थरथरत होते. मग चौकटीतून जायचं, छोट्या चौथऱ्यावर उभं राहायचं, हात पसरायचे. जवान धातू शोधायचा दांडा अंगावरून फिरवतो, तो माझ्या कमरेशी आला आणि वाजला. पुन्हा फिरवला, पुन्हा वाजला. पट्टा तर काढलेला. शेवटी शर्ट वर करून दाखवला: चांदीचा करदोटा! मागच्या रांगेतले सगळे हसले, जवानही. तेव्हापासून मी आधीच सांगून टाकतो.

बायकांची तपासणी पडद्याआड बायकाच करतात. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढायची गरज पडत नाही, दांडा वाजला तर हाताने बघून सोडतात. गुडघ्यात किंवा कमरेत धातूचा सांधा बसवला असेल तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड दाखवा आणि मशीनऐवजी हाताने तपासायला सांगा.

मंडळींचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही व्हीलचेअर मागतो. तिला पैसे लागत नाहीत, पण तिकीट काढतानाच किंवा निदान दोन दिवस आधी कळवायचं. जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, जिनाच चढता येत नाही, अजिबात चालता येत नाही, अशा तीन पायऱ्या आहेत. आपली कुठली ते खरं सांगा, कारण शिडीच्या वेळी त्यावरच मदत ठरते.

आता सीट, माझा आवडता विषय. पुणे-दिल्लीला बहुतेक वेळा मिळतं त्या विमानात एका बाजूला ए, बी, सी आणि दुसऱ्या बाजूला डी, ई, एफ. ए आणि एफ खिडकी, सी आणि डी रस्त्याकडची. बी आणि ई म्हणजे तिघांच्या बाकावर मधे बसणं. वेब चेक-इनला, म्हणजे घरबसल्या मोबाइलवर सीट घेताना, फुकटात उरलेली सीट हमखास यातलीच असते. आम्ही दोघं सी आणि डी घेतो. मधे फक्त चालायची वाट, बोलता येतं, आणि बाथरूमला जाताना कुणाला उठवायला नको. एस.टी.त अनुभवी माणूस दोन चाकांच्या मधली सीट धरतो, मागच्या चाकावर बसला की मणके मोजून घ्यावे लागतात. विमानातही तेच. पंखाजवळ धक्के कमी बसतात, शेपटाकडे जास्त. शेवटच्या रांगेची पाठ मागे जात नाही आणि बाथरूमची रांग तुमच्या कानाशी उभी राहते.

आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत पाय पसरायला जागा असते. मी पोरीला म्हटलं ती घे. ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला देणार नाहीत." खरंच आहे. तिथे बसणाऱ्याला वेळ आली तर जड दार उघडून लोकांना बाहेर काढायचं असतं, म्हणून म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई तिथे बसवत नाहीत. १२ वर्षांखालच्या मुलाला मात्र आई किंवा वडिलांपैकी एकाजवळ जागा द्यायलाच हवी, असा डीजीसीएचा, म्हणजे विमानवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, २०२४ चा आदेश आहे. वेगवेगळी सीट आली तर काउंटरवर तसं सांगा.

खिडकी हवी असेल तर ऊन बघून घ्या. पुण्याहून दिल्लीला सकाळी जाताना ऊन उजवीकडून, आणि संध्याकाळी परत येतानाही उजवीकडूनच, कारण तोंड उलट आणि सूर्यही उलट बाजूला. म्हणून दोन्ही वेळा डावीकडची ए. लोहगाव हवाईदलाचं आहे, तिथे खिडकीतून फोटो काढू नका.

विमान रिकामं दिसलं म्हणून उठून दुसरीकडे बसू नका. एस.टी.त लोक सरळ पुढे सरकायचे आणि मी बघून न बघितल्यासारखं करायचो. इथे माणसांच्या वजनाचाही तोल धरलेला असतो, आधी विचारा. दार लागलं की एक हवाईसुंदरी हातातलं छोटं यंत्र टिकटिक दाबत डोकी मोजत मागे जाते. मी पण मनात मोजतो, सवय आहे. गेल्या खेपेला माझे १७४ झाले. तिने पुढे जाऊन मान हलवली तेव्हा बरं वाटलं.

उतरताना कान दुखतात, चढताना त्यापेक्षा कमी. खंबाटकीचा घाट उतरताना जसे दडपतात तसेच. तेव्हा झोपू नका, तोंडात खडीसाखर ठेवा आणि गिळत राहा. तान्ह्या बाळाला त्या वेळी पाजलं तर ते रडत नाही.

सामानाच्या पट्ट्यावर सगळ्या बॅगा निळ्या आणि काळ्याच असतात. एकदा एक गृहस्थ आमची बॅग घेऊन दारापर्यंत गेले होते, मी धावत जाऊन आणली. आता मंडळींच्या जुन्या इरकलीचा लाल काठ फाडून मूठीला बांधलाय. काउंटरवर दिलेली चिकटपट्टीची पावती जपून ठेवा. बॅग आली नाही किंवा फुटून आली तर त्या हॉलमध्येच तक्रार लिहून तिची प्रत घ्या, कारण बाहेरच्या दाराला जो जवान उभा असतो तो एकदा बाहेर पडल्यावर आत सोडत नाही.