सिडनीतल्या हॅरिस पार्कला उतरलात? मग थोडं हिंडा

टॅक्स फाइल नंबर, बँक खातं, सिमकार्ड हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी दुसरंच सांगतो.

घर बघताना खिडक्या उत्तरेकडे आहेत का ते आधी बघा. इथे ऊन उत्तरेकडून येतं. वास्तुशास्त्र जुळवायच्या नादात दक्षिणेची खोली घेतलीत, तर जुलैत हुडहुडी भरेल आणि हीटरच्या बिलाने घाम फुटेल.

उलटे ऋतू आणि अनोळखी माती यांनी इथे पहिल्यांदा वसाहत करायला आलेल्यांचीही भंबेरी उडाली होती. 13 मे 1787 ला इंग्लंडमधल्या पोर्ट्समथहून 11 जहाजं निघाली आणि 26 जानेवारी 1788 ला गव्हर्नर फिलिपने सिडनी कोव्हला झेंडा रोवला. सोबत साडेसातशेच्या आसपास कैदी, पण शेती कळणारे अगदी मोजके. किनाऱ्यालगतच्या हलक्या जमिनीत पीक धड येईना. म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात काहीजण नदीने वर सरकले. तेच आपलं हॅरिस पार्कशेजारचं पॅरामॅटा.

विग्रम स्ट्रीटवर डोसा खायला सगळेच जातात. पोट भरलं की तिथून चालत रूस स्ट्रीटवरच्या एक्स्पेरिमेंट फार्म कॉटेजला जा. जेम्स रूस हा कॉर्नवॉलचा, घरफोडीत सापडलेला कैदी. फिलिपने 1789 मध्ये त्याला इथे दीड एकर दिला, जमतंय का बघ म्हणून. त्याने झाडं तोडून जाळली, राख मातीत मिसळली, ढेकळं खोल खणून उन्हात तापू दिली, पेरणीआधी पुन्हा उलथली. दरम्यान 1790 मध्ये वसाहतीत इतकी उपासमार झाली, की गव्हर्नरकडे जेवायला जाणाराही आपला पाव खिशात घेऊन जाई. 1791 मध्ये रूसने सांगितलं, मला आता सरकारी शिधा नको. मग त्याला 30 एकर मिळाले. पुढे दोनच वर्षांत त्याने ते 40 पौंडांना सर्जन जॉन हॅरिसला विकले, म्हणून हे हॅरिस पार्क. (कष्ट रूसचे, नाव हॅरिसचं. चालायचंच.) 1792 मध्ये ‘अटलांटिक’ जहाज कलकत्त्याहून तांदूळ, सोजी आणि डाळ घेऊन आलं. तेव्हा इथे आपला शिधा काल-परवा आला असं समजू नका.

ऑफिसात ‘तुम्ही सगळे कैद्यांचे वंशज’ हा विनोद करू नका. एकतर तो त्यांनी शंभरदा ऐकलेला असतो. दुसरं म्हणजे, जे पूर्वी घराण्याला बट्टा म्हणून लपवत, ते आता हौसेने कागदपत्रं शोधतात. पाकिटातली 20 डॉलरची नोट काढा. चष्मा लावलेल्या त्या बाई म्हणजे मेरी रिबी, चोरीच्या घोड्यासकट मुलाच्या वेशात पकडलेली पोर, नंतर जहाजांची मालकीण. सुटलेल्या कैद्यांना मान देणारा गव्हर्नर मॅक्वारी आपल्या मुंबईत राहून गेलेला. त्याचं पहिलं लग्नही तिथलंच. त्याने फ्रान्सिस ग्रीनवे या खोटा दस्तऐवज करणाऱ्या कैद्याला सरकारी वास्तुविशारद केलं. ग्रीनवेची हाइड पार्क बराक्स अजून उभी आहे, ती बघाच.

26 जानेवारीला आपलं झेंडावंदन जरूर करा, पण ऑफिसच्या ग्रुपवर ‘हॅपी ऑस्ट्रेलिया डे’ टाकण्याआधी थांबा. फिलिपने झेंडा रोवला तो हाच दिवस. ज्यांची ही जमीन होती त्या गाडिगल आणि धारुग लोकांत 1789 मध्ये देवीची साथ पसरली आणि माणसं पटापट गेली. पेमुलवुय हा आदिवासी योद्धा बरीच वर्षं वसाहतीशी लढला, 1797 मध्ये पॅरामॅटावर चाल करून गेला. आदिवासींपैकी अनेकांसाठी तो दिवस सुतकाचा आहे. सोबतचा माणूस काय मानतो ते आधी कळू द्या.

पोरांना घेऊन एकदा सिडनी शहरातल्या सर्क्युलर की धक्क्यावरून फेरीने पॅरामॅटाला या. कैद्यांना होडीतून आणत ती नदी हीच. ओहोटी फार असेल तर फेरी अलीकडच्या रायडलमिअर धक्क्यालाच थांबते आणि पुढे बस घ्यावी लागते. निघण्याआधी ॲपवर बघून घ्या.